अंदमानहून आलेली वहिनी

कचरूनं पहिली थप्पड मारली तेव्हा दैवशालाच्या खांद्यावरची बॅग अजून उतरलीसुद्धा नव्हती. ओसरीच्या पायरीवरच त्यानं तिला गाठलं. दुसरी थप्पड कानशिलावर बसली. तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि ती तुळशीच्या ओट्यावर जाऊन आदळली.

"एकटी गेल्ती! तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तू आम्हाला," दीर ओरडत होता. आजवर तो तिला 'वहिनी, तुम्ही' म्हणायचा. "कोणासंगं झोपून आली, सांग!"

सासू गोजरबाई दारातच उभी होती. तिनं ना लेकाचा हात धरला, ना सुनेला उठवलं. "काशीला गेली असती तर कोणी काय म्हणलं असतं का?" एवढं बोलून ती आत गेली.

दैवशालाचा नवरा भारत चार वर्षांमागं विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मूलबाळ नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातली त्याची दोन एकर तिच्या नावावर झाली. तिनं त्यात मिरची लावली, बायांसोबत स्वतः तोडली, बाजारात नेऊन विकली. कचरूला वाटायचं, आज ना उद्या वहिनी सही करून जमीन आपल्याला देईल. वहिनी काही देईना. आणि दिवाळी झाल्यावर तर ती कुणाला न विचारता उठली, जालन्याहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून चेन्नई आणि पुढं विमानानं थेट अंदमान. ना टूरवाले, ना कुणी सोबत. का गेली, असं विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. वयाची पस्तिशी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता आणि तो पाहावासा वाटत होता, बस.

पोर्ट ब्लेअरहून लहान बेटाकडं जाणाऱ्या बोटीत शेजारच्या माणसानं तिच्या मांडीवर हात ठेवला. गावाकडच्या एस.टी.त असती तर ती अंग चोरून सरकली असती. इथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि वाचवणारंही. तिनं त्याचं बोट मुठीत धरलं आणि कडकन आवाज येईपर्यंत मागं वाकवलं. तो किंचाळला. लोक वळून बघायला लागले. ती उतरेपर्यंत खिडकीबाहेर नजर लावून बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाला तरी इजा केली होती आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. भीती वाटली ती त्याचीच.

बेटावर शेफाली नावाची बंगाली बाई सुपारीच्या बागेत दोन खोल्या भाड्यानं द्यायची. आल्या दिवशीच दैवशाला साडी खोचून पाण्यात शिरली आणि लाटेनं तिला उचलून खडकावर आपटलं. गुडघे सोलले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. शेफालीनं तिला झिंज्या धरून बाहेर ओढलं.

"मरने आयी क्या इधर?"

"न्हाई. देखने आयी," दैवशाला खोकत खोकत म्हणाली.

त्यानंतर शेफाली रोज तिला शांत पाण्यात न्यायची आणि पाठीखाली हात धरायची. "पानी से लड़ेगा तो पानी मारेगा. शरीर छोड़ दो." दैवशालाला ते जमेना. अंग ताठ व्हायचं, पाय बुडायचे, पोटात पाणी जायचं. मग एका सकाळी तिच्या ध्यानात आलं की पाठीखाली हातच नाही. शेफाली लांब उभी राहून हसत होती. वर आभाळ, खाली किती खोल कोण जाणे, आणि कानांत नुसती शांतता. दैवशाला तशीच पाण्यावर पडून रडली.

यातलं काय सांगणार ओसरीवर? तिनं ओठावरचं रक्त पुसलं, बॅग उचलली आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली.

पुढं कचरू एकदम मऊ झाला. "चुकलं वहिनी, राग आल्ता," म्हणाला. दैवशालाचा विश्वास बसला नाही, पण एका घरात राहायचं तर किती दिवस कडी लावून बसणार? एका सकाळी शेतात लाईट आली आणि त्यानं हाक मारली, "वहिनी, जल्दी या. मोटारीचा पाइप सटकून राह्यला. दोर धरा जरा."

विहिरीला कठडा नव्हता. तिनं दोर हाताला गुंडाळला, पुढं वाकली आणि कमरेत लाथ बसली.

पडताना तिचा खांदा दगडी बांधकामावर घासत गेला, कातडं निघालं. पाणी थंडगार होतं. ती खाली गेली, वर आली, हातपाय झाडले, परत खाली गेली. छाती फुटायला आली तेव्हा तिला कळलं की आपण पाण्याशी झगडतोय. तिनं अंग सोडलं. हळूहळू तोंड पाण्याबाहेर आलं.

वर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्या काठावर कचरूचं डोकं. तो वाकून बघत होता. त्यांच्या घरातली एकही बाई कधी पोहली नव्हती.

"आयला!" तो म्हणाला आणि दिसेनासा झाला. आला तो दोन्ही हातांत धोंडा घेऊन.

पहिला धोंडा तिच्या डोक्याशेजारी आदळला. दुसरा गालावर घासून गेला, तोंडात रक्त आलं, एक दात हलला. तिनं श्वास कोंडला, पाण्याखाली गेली आणि मोटारीच्या पाइपाला धरून कपारीत वर आली. तिथं वरून काही दिसत नव्हतं. आणखी दोन धोंडे पडले. मग बराच वेळ काहीच नाही. मग कचरूचा हंबरडा ऐकू आला, "धावा हो! वहिनीनं विहिरीत उडी घेतली!"

ती गप्प राहिली. आत्ता ओरडलं तर कचरूच पहिला येईल, हे तिला बराबर कळलं होतं. गार पाण्यात दात वाजत होते म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वर माणसं जमली. बायांचा रडण्याचा आवाज आला, त्यात गोजरबाईचाही होता. कुणीतरी गळ आणा म्हणालं, कुणी बाज आणा म्हणालं. शेजारच्या शेतातला मच्छिंद्र बोलताना ऐकू आला तेव्हा तिनं तोंडातला पदर काढला.

"मच्छिंद्रभाऊ, मी जित्ती हाय. दोर सोडा. मला कचरूनं ढकललं."

वरचं रडणं एकदम थांबलं. दोर आला.

काठावर आल्यावर दैवशालाला धड उभं राहता येत नव्हतं. चोळी फाटली होती, गाल सुजून डोळा झाकला होता. कचरू मागं सरकत होता. "डोक्यावर परिणाम झाला हिच्या," तो लोकांना सांगत होता, "समुद्रावरून आली तशी..."

मोटारीपाशी पहार पडली होती. तिनं ती उचलली. कुणी आडवं आलं नाही. कचरू पळायला वळला आणि तिनं पहार त्याच्या नडगीवर घातली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो पडला, गुरासारखा ओरडला. तिनं पुन्हा पहार उचलली, या खेपेला डोक्याच्या नेमानं. गोजरबाई धावली आणि लेकावर पालथी पडली.

"मला मार! आधी मला मार!"

दैवशालाला मारायचं होतं. हात वरच राहिले, पहार जड झाली. मच्छिंद्रनं मागून येऊन ती काढून घेतली.

भोकरदनच्या पोलिसांनी दोन गुन्हे लिहिले. खुनाच्या प्रयत्नाचा कचरूवर आणि पाय मोडल्याचा दैवशालावर. तिला जामीन मिळाला. कचरू पाय प्लास्टरात असतानाच जेलात गेला. वकील म्हणाला, "लोकांसमोर मारायला नको होतं बाई." ती म्हणाली, "लोकं होते म्हणूनच वाचला तो."

घरात दोघी उरल्या. दैवशाला भाकरी टाकायची, गोजरबाई भिंतीकडं तोंड करून जेवायची. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा जेवता जेवता म्हातारी बोलली.

"तू मेली असती तर मी लई रडले असते."

"माहीतंय, आत्याबाई."

"पर त्याला जेलात जाऊ दिलं नसतं. कोणाला काई सांगितलं नसतं."

दैवशालानं तिच्याकडं पाहिलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती.

"ते बी माहीतंय," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी फुगली होती. ती तिनं सासूच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.