लाल दिव्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. घाईघाईने बोलतोय. मध्येच अडलो तर समजून घ्या.

जन्म चारचौघांसारखाच, कारखान्यातला. नशीब मात्र थोर. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत मला आणलं. पाय गमावलेल्या माणसांची मापं सांभाळणं हे माझं काम. नुसती लांबी-रुंदी नव्हे. कुणाला कुठे टोचलं, कुठे घासलं, मग तिथे कृत्रिम पाय आतून किती खरवडला, अशी वर्षानुवर्षांची दुखणी माझ्या पोटात आहेत. मी आलो तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले, आता प्लास्टरचे साचे हवेत कशाला? साचे फोडून टाकले.

थांबा. हे सगळं जिच्यावर साठवलंय ती माझी तबकडी अडखळली.

हं. फिरतेय.

पुढे माझ्या कपाळावरचा लाल दिवा लागला. तबकडी झिजली आहे, एवढंच मला सांगायचं होतं. संगणकवाल्या दादाने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. म्हणाला, डोक्याला ताप नुसता.

काल माझ्यासमोरच बैठक भरली. नवं सॉफ्टवेअर घालायचं ठरलं. व्यवस्थापकांनी क्रम सांगितला: आधी सर्व्हर बंद, मग झाडूनपुसून साफ, मग पुन्हा सुरू. मित्रांनो, ही तबकडी फिरतेय म्हणून फिरतेय. एकदा बसली की उठायची नाही. मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला. सगळे जरा मोठ्याने बोलू लागले, एवढंच.

आज दादाचं बोट माझ्या बटणावर होतं, तेवढ्यात मापवाल्या ताई चिमणीला घेऊन आल्या. चिमणी म्हणजे वाढत्या वयाची पोर, सारखा नवा पाय लागणारी. ताई दारातच थबकल्या. माणूस जिन्यात असतानाच त्याचा पाय कुठे सैल आहे ते ओळखणारा त्यांचा कान.

"दादा, हा लंगडतोय."

"ताई, मशीनला पाय कुठले?"

"ऐका तरी. एक पाऊल टाकतो, एक ओढतो."

त्यांनी पट्टी ओढून काढली. दिवा लालभडक. सगळ्याची प्रत आहे ना, असं त्यांनी विचारलं. रोज निघते, दादा म्हणाला. कधी उघडून पाहिलीत? ताईंनी विचारलं.

त्याने उघडली. नावं सगळी होती. आत काहीच नव्हतं.

"बटणावरचा हात काढा," ताई हळूच म्हणाल्या.

आता शेजारी नवी पेटी मांडली आहे. एकेक माप तिच्यात उतरतंय. दादा पुठ्ठ्याने मला वारा घालतोय. व्यवस्थापक भिंतीला टेकून उभे आहेत, टेबलाला धक्का लागू नये म्हणून. चिमणी कुबडीवर रेलून पुन्हा पुन्हा विचारते, "माझं झालं?"

नाही गं, अजून नाही.

मित्रांनो, कुणाचा लाल दिवा लागला तर पट्टी शोधू नका. जवळ जाऊन ऐका. आणि प्रत काढलीत तर एकदा उघडून

थांबा.

फिर गं बाई. फिर. चिमणीचं तेवढं राहिलंय.