पुसलेला ठिपका

मित्रांनो, मी गोल चोचीची एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटणारी धटिंगण पक्कड तुम्ही पाहिली असेल; ती मी नव्हे. माझी चोच टोकाकडे निमुळती होत जाते. तिच्याभोवती बारीक तार वळवली की कडी तयार होते; टोकाशी लहान, मुळाशी मोठी.

माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच कारखान्यात घडल्या. मला मात्र एका आईचा हात मिळाला. ती कपडे शिवायची. दिवसाचे काम आटोपले की शिवणयंत्रावर झाकण घालून त्यावर आमचा पसारा मांडायची: सुटी बटणे, जोडी हरवलेले कानातले, बंद घड्याळाचे काटे. त्यांची ती लटकने करी आणि घरच्या फोटोंच्या चिकटवहीत पानापानावर लावी. मुलगी सायकलवरून पडली, त्या पानावर सायकलच्या घंटीचा स्क्रू लटकत असे.

"उद्या माझा दात पडला की तोही टांगशील," बाबा म्हणत.

"आधी पडू तर द्या. वर्षभर नुसता हलतोय म्हणून सांगताय."

कडी मोठी झाली की लटकन पानावर सपाट बसत नसे आणि वही मिटत नसे. म्हणून एकदा आईने मुलीची लाल नेलपॉलिश उचलली आणि माझ्या चोचीवर एक ठिपका दिला. तार नेमकी तिथेच वळवायची.

"आई, माझी आहे ती!"

"तुझ्या दहा नखांना पुरून उरेल. हिला एकच तर नख आहे."

त्यानंतर प्रत्येक कडी सारखी झाली. पाहुणे लटकनांना बोट लावून कौतुक करत. माझ्याकडे कुणी पाहत नसे, पण आईच्या तळव्याची ऊब मला पुरेशी होती.

मग तो हात थरथरू लागला. तार निसटू लागली. शेवटच्या पानावर तिने स्वतःचा फोटो चिकटवला, खाली भोक पाडले आणि एक निळे बटण मुलीच्या हातात ठेवले.

"एवढं तू कर. घाई नाही."

"पुढच्या खेपेला करते," मुलगी म्हणाली. तिला गाडी गाठायची होती. पुढच्या खेपेला आई नव्हती.

मी खणात पडून गंजले. मुलीने मला बाहेर काढले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने तेल घेतले, पॉलिशपेपर घेतला आणि मला मन लावून घासले. लाल ठिपका तोवर तपकिरी झाला होता, गंजासारखाच. तोही गेला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. दुकानात होते तेव्हाही मी इतकी चकचकीत नव्हते.

तिने तार चोचीवर ठेवली आणि ठिपका शोधू लागली. तिचा हात थांबला.

त्या दुपारी तिने कितीतरी कड्या वळवल्या. काही ढगळ, काही घट्ट. एकही आईच्या कडीसारखी होईना.

बाबा दारातून पाहत होते. "जुनी एखादी सोडव ना," ते म्हणाले. "हिच्या चोचीवर चढवून बघ, कुठं अडकते ते. माप मिळेल."

तिने वही उघडली. सायकलच्या पानावरच्या कडीला मला लावलेही. पण दाबले नाही.

"बाबा, ही तिनं बंद केलीय."

बाबा पुढे आले. वही त्यांनीच मिटली.

आता मी डब्यात मऊ कापडात गुंडाळलेली असते. मुलगी मला अधूनमधून तेल लावते. गंज चढणार नाही. कामही मिळणार नाही. निळे बटण माझ्या शेजारीच आहे, आणि त्या पानावर भोक तसेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ करा. पण पुसण्याआधी त्या उजेडात धरून पाहा; जो डाग वाटतो तो कुणीतरी मुद्दाम दिलेला असेल. आणि तो देणारे हात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून एक तरी कडी वळवून घ्या. ते 'घाई नाही' म्हणाले, तरी बसा.