आडवा ठेवलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पाट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे देवासमोरचा सपाट पाट येईल. मी तसा नाही. माझी बसायची जागा चंद्रकोरीसारखी दोन्ही टोकांना वर उचललेली आहे. खाली सपाट तळ आहे आणि मधल्या लाकडात एक मोठी गाठ कोरलेली आहे. आमच्या मुलखात मला 'द्वा' म्हणतात. पण मला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्यापासून पाटच म्हटले, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझा जन्म घाना देशात, कुमासी शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तिथे असांते लोक राहतात. माझ्या कारागिराने झाड तोडण्याआधी बुंध्याशी थोडे पाणी ओतले आणि झाडाची क्षमा मागितली. मग एकाच ओंडक्यातून त्याने मला कोरले. माझ्या अंगात एकही खिळा नाही, कुठे सांधा नाही. आमा नावाच्या नव्या नवरीला तिच्या नवऱ्याने मला लग्नात भेट दिले.

आमा बाजारात कापड विकायची. पहाटे दाराशी बसून ती माझ्यावर केस विंचरी, संध्याकाळी सुजलेले पाय चोळी. तिच्याशिवाय माझ्यावर कोणी बसत नसे, नवरासुद्धा नाही. ती उठली की मला कुशीवर आडवा करून भिंतीशी ठेवी. मित्रांनो, असांते लोक मानतात की जो माणूस रोज पाटावर बसतो, त्याच्या जिवाचा अंश पाटात उतरतो. रिकामा पाट उभा राहिला तर भलताच कोणी अदृश्य वाटसरू त्यावर येऊन टेकेल. म्हणून मालकीण नसताना पाटाने आडवे व्हायचे. तो पडलेला नसतो, विसावलेला असतो.

आणखी एक सांगतो. असांते लोकांत कूळ आईकडून चालते. मूल आईच्या घराण्याचे. म्हणून आमाने शेवटच्या दुखण्यात सर्वांसमोर सांगितले, "हा अद्वोआचा. तिच्यानंतर तिच्या लेकीचा."

अद्वोआ ही आमाची धाकटी मुलगी, घराण्यातली पहिली शिकलेली परिचारिका. ती आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात कामाला होती. आईचे दिवस करून ती परतली, तेव्हा तिच्या बॅगेत चादरीत गुंडाळलेला मी होतो.

एनिसला मी पहिल्यांदा थंडी पाहिली. हीटरने माझे अंग कोरडे पडले, एका कडेला बारीक चीर गेली. पण घर प्रेमळ होते. रविवारी अद्वोआच्या मैत्रिणी येत. नायजेरियाची फोलाके माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या योरुबा लोकांत हे असलं काही नाही बाई. आमचा सगळा मान डोक्यावरच्या कापडात! ते नीट बांधलं नसेल तर लग्नात कोणी विचारत नाही."

झिम्बाब्वेची तेंदाई हसली. "आमच्याकडे स्टुलावर पुरुष. बायकांनी खाली चटईवर बसायचं. म्हणून तर मी पहिल्या पगारात आराम खुर्ची घेतली, मागे रेलते ती. नवऱ्याला म्हटलं, तुला चटई आणू का?"

तिघी पोट धरून हसल्या. मी मनात म्हटले, एका खोलीत तिघी, तिघींचे बसणे वेगळे, आणि रस्त्यावरचे लोक तिघींना एकच नाव देतात, आफ्रिकन.

अद्वोआची मुलगी सेरवा एनिसलाच जन्मली. लहानपणी ती माझ्याशेजारी पालथी पडून गृहपाठ करी. ती बारा वर्षांची असताना शाळेत निरनिराळ्या देशांचा दिवस होता. बाईंनी घरून काहीतरी 'आफ्रिकन' आणायला सांगितले आणि सेरवा मला हौसेने घेऊन गेली. टेबलावर माझ्यापुढे चिठ्ठी लावली होती, 'आफ्रिकन स्टूल. बसून बघा.' मुले वाईट नव्हती हो. पण एकामागून एक सगळी माझ्यावर बसली, फोटो काढले, एक जण उभाही राहिला. सेरवा बाजूला उभी होती. तिला सांगायचे होते की हा माझ्या आजीचा आहे, यावर बसायचे नसते. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी आल्यावर आईने विचारले, "कसं झालं?"

"ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे तिथल्या बोलीत 'छान झालं', आणि जिना चढून गेली. त्या दिवसापासून तिने माझ्याकडे बघणे सोडले. अद्वोआला कारण कधी कळले नाही.

त्याच वर्षी शेजारच्या घरात सुहासिनीताई राहायला आल्या. नागपूरच्या. त्यांचे यजमान हरीश रुग्णालयात डॉक्टर. त्यांची रेवा सेरवाच्याच वर्गात. ताईंचा सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास, संध्याकाळचा दिवा, काही चुकत नसे. अद्वोआ म्हणजे सोमवारी जन्मलेली, हे कळल्यावर त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "तुझं नावच सोमवार? अगं, मग तू महादेवाची!"

पहिल्याच भेटीत त्यांनी मला भिंतीशी आडवे पाहिले. "अगं बाई, पडला वाटतं," असे मराठीत म्हणून त्यांनी मला उभे केले आणि ओढणीच्या टोकाने माझी धूळ पुसली. इतक्या हळुवार पुसली की अद्वोआचे उघडलेले तोंड मिटले. ताई गेल्यावर तिने मला पुन्हा आडवे केले. पुढच्या खेपेस तेच. "परत पडलास का रे? तळ वाकडा आहे की काय तुझा?" मग कधी उपासाची गोष्ट, कधी रेवा मराठीत उत्तर देत नाही याची, असे त्या मला पुसता पुसता सांगत. अशी मला मराठी आली. आणि अद्वोआला दर वेळी वाटे, आता सांगावे. पण सहा महिने गेल्यावर सांगायचे कसे? वर्ष गेल्यावर तर मुळीच नाही. त्या उभा करीत, ही आडवा करी. अशी सहा वर्षे गेली.

सेरवा अठरा वर्षांची झाली. सप्टेंबरात ती इंजिनिअरिंग शिकायला कॉर्कला जाणार होती. एका रविवारी कुमासीहून अद्वोआचा थोरला भाऊ क्वाबेना याचा व्हिडिओ कॉल आला. असांते लोकांत मामाचा शब्द मोठा.

"पाट सेरवाला हवाय का?" त्याने विचारले. "नको असेल तर तू ऑगस्टमध्ये येतेस तेव्हा घेऊन ये. आपल्या बहिणीची मुलगी बसेल त्यावर. आईचा पाट कोपऱ्यात बेवारशी राहता कामा नये."

अद्वोआने मुलीकडे पाहिले. सेरवा फोनवर बोटे फिरवीत होती.

"आई, मी क्लेअरची आहे. इथं जन्मले, इथल्या संघातून खेळते. वसतिगृहाच्या एवढ्याशा खोलीत मी स्टूल कुठं ठेवू?"

"स्टूल?" अद्वोआ हळूच म्हणाली.  त्या संध्याकाळी तिने माझ्या चिरेवरून बोट फिरवले. पुन्हा पुन्हा फिरवले. मी परत जाणार म्हणून ते दुःख नव्हते, मित्रांनो. आपल्यानंतर आपली लेक कोणाची म्हणवेल, ही धास्ती होती.

जायचा दिवस श्रावणातला सोमवार होता. अद्वोआने बैठकीच्या खोलीत मोठी बॅग उघडली, तळाशी चादर अंथरली. मी भिंतीशी आडवा होतो. एवढ्यात रेवाला घेऊन सुहासिनीताई निरोप द्यायला आल्या. हातात भिजवलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, सकाळपासूनचा उपास, चेहरा थकलेला.

"परत पडला," म्हणून त्यांनी सवयीने मला उभे केले. ओढणीने पुसले. आणि मग, "जरा टेकते गं, गरगरतंय," असे म्हणून त्या वळल्या.

"काकू, नको! बसू नका!"

जिन्यावर सेरवा उभी होती. अंगात क्लेअरची भगवी-निळी जर्सी, चिखलाचे मोजे, नुकतीच सरावाहून आलेली. ती दोन-दोन पायऱ्या उतरून धावत आली आणि तिने ताईंना धरून कोचावर बसवले.

"सॉरी, काकू. पण त्यावर नाही बसायचं. तो माझ्या आजीचा आहे. आजीचा जीव आहे त्यात. तो पडलेला नसतो, तिनं आईला तसा ठेवायला शिकवलंय. उभा ठेवला की भलताच कोणी येऊन बसतो."

"सेरवा, ओरडतेस काय!" रेवा इंग्रजीत कुजबुजली.

"ओरडणारच. मागे शाळेत नाही ओरडले. सगळे बसले त्याच्यावर, एक जण बूट घालून चढला, आणि मी गप्प उभी राहिले." ती आईकडे वळली. "आई, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आजीला कळलं असेल."

अद्वोआ स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभी होती. सहा वर्षांपूर्वीचे ते 'ग्रँड' तिला आत्ता कळले.

सुहासिनीताईंनी जीभ चावली. कोचावरून उठून त्या माझ्यापुढे खाली बसल्या, मला हात लावून तो कपाळाला लावला. "चुकले रे बाबा. सहा वर्षं तुझी झोपमोड केली!" मग अद्वोआकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "आणि तू? एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तू इतक्या मायेनं पुसायचीस," अद्वोआ म्हणाली. "कसं सांगणार?"

"मायेनं! माझ्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण कोणी रोज उचलून उलटा ठेवला असता, तर मी त्याला मायेनं चहा पाजला असता का?"

सगळ्या हसल्या. सेरवासुद्धा, डोळे पुसत. हसू ओसरल्यावर ताईंनी बॅगेकडे पाहिले आणि साधेपणाने विचारले, "मग आता हा कोणाचा?"

 मी लाकूड आहे, मला श्वास नाही. तरी वाटले, मी श्वास रोखला आहे.

"माझा," सेरवा म्हणाली.

अद्वोआने बॅगेतली चादर काढून घेतली. मला खोलीच्या मध्ये उभे केले. आमच्या रीतीप्रमाणे मुलीचे खांदे धरून तिला दोनदा माझ्यावर टेकवले आणि उचलले. तिसऱ्यांदा बसवले. सेरवाला वाटले जर्सी बदलायला हवी, ती उठू लागली. आईने तिला दाबून धरले. "असू दे. तूच आहेस ना ती? मग बस."

आमाच्या वजनापेक्षा ते वजन हलके होते, मोज्यांना गवताचा वास होता. पण बसणे तेच होते, पाठ ताठ, गुडघ्यांवर हात.

क्वाबेनाला फोन लावला. त्याने पडद्यावर भाचीला निरखून पाहिले आणि घसा खाकरला. "साबण लावायचा नाही. वाळू आणि पाण्यानं घासायचं, मग सावलीत वाळवायचं. रंग लावलास तर याद राख."

अद्वोआ त्या संध्याकाळी विमानाला गेली, मला न घेता. दुसऱ्या दिवशी ताईंनी गाडी काढली आणि दोन्ही मुलींना लाहिंचच्या समुद्रावर नेले. रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यात वाळू भरून आणली. सेरवाने अंगणात मला घासले, ताई पाणी ओतत होत्या. किती वर्षांची काळोखी निघाली! चीर मात्र राहिली. राहू दे. ती एनिसची आहे.

मित्रांनो, आता मी कॉर्कला एका छोट्या खोलीत खिडकीखाली असतो. मैत्रिणी आल्या की सेरवा त्यांना सांगते, हा असांते लोकांचा, माझ्या आजीचा, मग माझ्या आईचा, आता माझा. तिच्याशिवाय कोणी अजून माझ्यावर बसलेले नाही. तुमच्याकडे मात्र एवढेच मागतो. कोणाच्या घरी एखादी वस्तू, एखादी रीत, एखादे माणूस तुमच्या मते वाकडे दिसले, तर लगेच सरळ करायला हात घालू नका. तुमचा हात कितीही मायेचा असला तरीही. आधी विचारा, "हे असं का ठेवलंय?" सहा वर्षे मी त्या एका प्रश्नाची वाट पाहत होतो.