पाच सातापेक्षा लहान

सासू आणि सून एकाच ठिकाणी कामाला आहेत हे ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग धाकटीकडे बघून हळहळायचे. धाकटीला त्याची गंमत वाटायची. घरात सासूबाईंशी तिचं जेवढं पटत नसे तेवढं त्या दोन खोल्यांच्या कचेरीत पटायचं. दोघींच्या मधे तिथे काचेची भिंत होती, हेही एक कारण असेल.

ती कचेरी म्हणजे अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं ग्रंथालय. शाळेतून निवृत्त झाल्यावर सासूबाई तिथे वाचायला जाऊ लागल्या. काचेपलीकडच्या बंद खोलीत मायक्रोफोनपुढे बसून नऊ वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर पुस्तकं वाचली होती. धाकटीने मुलं लहान म्हणून प्रोग्रामिंगची नोकरी सोडली होती. मुलं आपापल्या वाटेला लागली तशी ती घरात नुसती येरझारा घालू लागली. ग्रंथालयात कॉम्प्युटरचं काम जाणणारं कुणीतरी हवंय असा विषय निघाला, तेव्हा सासूबाईंनी तिला न विचारता परस्पर जाहीर करून टाकलं, "आमची धाकटी करेल की. तिला त्यातलं सगळं येतं."

"सगळं नाही हो येत, आई," धाकटी घरी आल्यावर म्हणाली.

"नसेल येत ते शिकशील. मी काय आईच्या पोटातून मायक्रोफोन घेऊन आले होते?"

बोलकं पुस्तक म्हणजे नुसता आवाज नसतो. ऐकणाऱ्याला चौथा धडा हवा असेल, पान बेचाळीस हवं असेल, तर यंत्राला ते सापडायला हवं. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाबरोबर एक एक्सएमएल फाइल जाते. कुठला धडा कुठे सुरू होतो, त्याचं नाव काय, कुठलं पान कितव्या मिनिटाला येतं, हे सगळं तिच्यात टोकदार कंसांच्या खुणांनी लिहिलेलं असतं. उघडलेली प्रत्येक खूण बंद करावी लागते. एक कंस इकडचा तिकडे झाला तरी यंत्र अख्खं पुस्तक नाकारतं.

रेकॉर्डिंगवाले काका ही फाइल वर्षानुवर्षं हाताने टाइप करत आले होते. एका पुस्तकाला चार दिवस लागायचे आणि त्या चार दिवसांत काकांशी कुणी बोलायला जात नसे. धाकटीने आल्या आल्या एक प्रोग्राम लिहिला. काकांनी फक्त एका तक्त्यात धड्याचं नाव, पान आणि वेळ भरायची. प्रोग्राम ते उचलून मागेपुढे खुणा चिकटवायचा आणि अर्ध्या मिनिटात फाइल तयार. काका इतके खूश झाले, की आपली उशीची खुर्ची त्यांनी तिला देऊन टाकली.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग गणिताच्या सरांचा फोन आला.

सर जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि पाच वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. आता ते आपल्यासारख्याच चारपाच अंध बायकांचा वर्ग घेत. त्या बायका शाळेची राहिलेली परीक्षा देणार होत्या. वर्गासाठी मागवलेलं अंकगणिताचं पुस्तक सासूबाईंनी नुकतंच वाचून संपवलं होतं.

"ताई, तुमचं पुस्तक माझ्यावर रुसलंय," सर म्हणाले. "यंत्र म्हणतं, उघडता येत नाही. मी त्याला तीनदा विनवून पाहिलं."

काचेपलीकडून सासूबाईंनी हातवारे करून विचारलं, काय झालं? मग दार उघडून बाहेरच आल्या. "माझ्या वाचण्यात काही आहे का गं?"

"नाही हो. तुमचा आवाज चोख आहे. माझंच काहीतरी असणार."

तिने फाइल उघडली. चौथ्या धड्याचं नाव होतं, '५ < ७ म्हणजे काय?' धाकटीने डोक्यावर हात मारून घेतला. पाच सातापेक्षा लहान आहे हे सांगणारं ते चिन्ह म्हणजे नेमका टोकदार कंसच. यंत्राला वाटलं इथे नवी खूण सुरू झाली. ती बंद होण्याची वाट बघत ते बसलं आणि शेवटी त्याने हात टेकले.

असा कंस मजकुरात आला तर त्याच्या जागी 'एलटी' अशी ठरावीक सांकेतिक अक्षरं लिहायची असतात. त्याच्या आधी 'अँड'चं चिन्ह येतं. धाकटीने फाइलमध्ये जाऊन हाताने तेवढं बदललं आणि पुस्तक परत पाठवलं. सरांचा जीव भांड्यात पडला, तिचाही.

तीन दिवसांनी सासूबाईंना आठवलं, की सहाव्या धड्यात मधेच आपल्याला ठसका लागला होता. त्यांनी तो धडा नव्याने वाचला. वेळा बदलल्या म्हणून काकांनी प्रोग्राम पुन्हा चालवला. प्रोग्रामने नवी कोरी फाइल काढली आणि धाकटीची दुरुस्ती पुसली गेली. संध्याकाळी सरांचा फोन. "ताई, पुन्हा रुसलं."

आता मात्र धाकटीने प्रोग्राममध्येच सोय केली. मजकुरात कंस दिसला की संकेत घाल. मग तिला आठवलं, की 'अँड'च्या चिन्हाचंही यंत्राला वावडं असतं. म्हणून पुढची ओळ लिहिली, ते दिसलं की त्याचाही संकेत घाल. पुस्तक उघडलं. यंत्राने आपल्या खणखणीत आवाजात धड्यांची नावंही वाचून दाखवली.

"ताई," सर फोनवर हसू दाबत म्हणाले, "चौथ्या धड्याचं नाव यंत्र सांगतंय, पाच अँड एलटी सात. वर्गात बायका विचारतायत, हे एलटी कोण?"

पहिल्या ओळीने घातलेल्या संकेतातलं 'अँड' दुसऱ्या ओळीने पकडलं होतं आणि संकेताचाच पुन्हा संकेत करून ठेवला होता. धाकटी फोन ठेवून खुर्चीत मागे रेलली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सासूबाई काचेपलीकडून बघत होत्या. सुनेला इतकं मोकळं हसताना त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, असं त्या नंतर काकांना म्हणाल्या.

ओळींची उलटापालट करून ते निभावलं असतं. पण मलमपट्टी करून करून धाकटीला कंटाळा आला होता. तिने ठरवलं, मजकुराला खुणा चिकटवत बसायचंच नाही.

"चालतंय ते कशाला मोडतेस?" घरी चहा घेताना सासूबाईंनी विचारलं.

"चालत नाहीये ना, आई. लंगडतंय. आता आधी प्रोग्रामच्या पोटात पुस्तकाचं झाड उभं करायचं. पुस्तक म्हणजे खोड, धडे म्हणजे फांद्या."

"आणि पानं म्हणजे पानं," सासूबाई पटकन म्हणाल्या.

"अगदी! प्रत्येक फांदीला तिचं नाव द्यायचं, जसं असेल तसं. मग ते झाड एका तयार लेखनिकाच्या, म्हणजे लिहिण्याचंच काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या, हाती सोपवायचं. कुठला कंस खुणेचा आणि कुठला मजकुरातला, हे तो जाणतो. प्रत्येक खूण बंदही तोच करतो."

"म्हणजे तू सांगायचंस आणि त्याने लिहायचं. मी वर्गात शुद्धलेखन घालायचे तसं."

"हो. फक्त हा विद्यार्थी चुकत नाही."

"तसला एक तरी माझ्या वाट्याला यायला हवा होता," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

नवा प्रोग्राम लिहायला आठवडा गेला. आधीच्यापेक्षा तो आखूड निघाला, याचं तिला फार समाधान वाटलं. जुन्या तक्त्यांवरून तिने सगळ्याच पुस्तकांच्या फाइली नव्याने काढल्या, जुन्या फाइलींशी ताडून पाहिल्या, तेव्हा आणखी तीन पुस्तकं मुळात कधी उघडलीच नसणार असं दिसलं. ती तिच्याच पहिल्या प्रोग्रामची करणी होती. कुणी तक्रार केली नव्हती. ज्यांच्याकडे ती गेली होती त्यांना वाटलं होतं, आपलंच यंत्र जुनं झालं. धाकटीला हे फार लागलं. तिने तिन्ही पुस्तकं त्याच दिवशी पाठवली.

अंकगणिताच्या नव्या फाइलची परीक्षा घ्यायला सर स्वतः कचेरीत आले. पांढरी काठी कोपऱ्यात उभी करून ते यंत्र मांडीवर घेऊन बसले. चौथा धडा. "पाच सातापेक्षा लहान म्हणजे काय," यंत्र म्हणालं. लेखनिकाने चिन्ह बरोबर लिहिलं होतं आणि यंत्राने ते बरोबर वाचलं. सरांनी मान डोलावली. पान बेचाळीस. पान सत्तर. मागे पान एकसष्ट. बटणं दाबत ते असे फिरत होते, जसा माणूस स्वतःच्या घरात फिरतो. एकसष्टाव्या पानावर मात्र ते थांबले आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू लागले.

"काही बिघडलं का?" धाकटीने विचारलं.

"फाइल उत्तम आहे हो. पण ज्यांनी वाचलंय त्या बाई इथे आहेत का?"

"मी इथेच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, बारा अधिक तीन बरोबर नऊ?"

"शक्यच नाही. मी असं वाचणारच नाही."

सरांनी बटण दाबलं. खोलीभर सासूबाईंचा आवाज घुमला, स्पष्ट, ठाम, एकही अक्षर न गिळलेला. "बारा अधिक तीन बरोबर नऊ."

काका खिडकीबाहेर बघू लागले. धाकटीने ओठ आवळून धरले. सासूबाईंनी पदर सारखा केला, क्षणभर सुनेकडे पाहिलं आणि मग त्याच आधी हसल्या. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या, सर. माझी चूक शोधून काढणारे तुम्ही पहिलेच."

"पान सापडलं म्हणून चूक सापडली," सर म्हणाले. "नाहीतर मी आपला शंका घेत बसलो असतो, आपलंच ऐकण्यात काही चुकलं का म्हणून."

सासूबाई आत गेल्या, दार लावून घेतलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. काकांनी ते जागेवर बसवलं, तक्त्यातल्या वेळा बदलल्या. धाकटीने प्रोग्राम चालवला. यंत्रात नवं पुस्तक भरून सरांच्या मांडीवर ठेवेपर्यंत त्यांचा चहा अजून गरम होता.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी एक नवंच काम अंगावर घेतलं. ती तीन पुस्तकं ज्यांच्याकडे गेली होती त्या श्रोत्यांना त्या फोन करू लागल्या. "पुस्तक उघडलं का? छान. आता मी कुठे चुकलेय का ते ऐका आणि पान नंबरासकट सांगा. माझ्या सुनेने सोय करून दिलीय." एकेक फोन अर्धा अर्धा तास चाले. श्रोते चुका कमी आणि घरच्या गोष्टी जास्त सांगत. काचेच्या अलीकडे बसून धाकटी पुढच्या पुस्तकाचं झाड उभं करत होती. 'माझ्या सुनेने' हे शब्द कानावर आले, की ती टाइप करता करता क्षणभर थांबे आणि मग पुन्हा कामाला लागे.