झेंडूचे सात सेकंद

या मंडळी, पुढं सरका. सतरंजी मोठी आहे, भिंतीला टेकून बसायची काही गरज नाही. कीर्तनात बुवा आधी तत्त्व सांगतात आणि मग आख्यान लावतात. आज आपण उलटं करू. आधी आख्यान, तत्त्व शेवटी, प्रसादाच्या फुटाण्यांइतकं. आख्यान आहे एका म्हाताऱ्या गाडीचं, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत तर घरी जाताना बोनेट उघडून बघाल, एवढी हमी देतो.

नवी मुंबईतल्या पावणे गावच्या कारखान्यांच्या गल्ल्यांत रविवारी सकाळी कुत्रीसुद्धा उशिरा उठतात. पण त्या रविवारी एका पत्र्याच्या शेडपुढं शंभरेक माणूस जमलं होतं. शेडवर पाटी होती, 'इंजिन पुनर्जन्म केंद्र'. पाटीखाली काळा टी-शर्ट घातलेले, कानाला माइक लावलेले इंद्रजित सर उभे होते.

"कंपनीनं तुमच्या गाडीला शंभर घोडे दिले," सर म्हणाले, "आणि चाळीस बांधून ठेवले! का? तर तुम्ही नवी गाडी घ्यावी म्हणून. मी काही देत नाही, साहेब. मी फक्त दावं सोडतो. लक्षात ठेवा, गाडी म्हातारी होत नसते. तिचा आत्मविश्वास म्हातारा होतो."

या वाक्याचा अर्थ कोणाला लागला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग सोळा वर्षं जुनी एक पांढरी गाडी पुढं आली. सरांनी गर्दीतली तीन दणकट माणसं मागं बसवली, एसी फुल्ल केला आणि मालकाला म्हणाले, "पळवा." गाडी कण्हत गेली, कण्हत आली. मग स्टिअरिंगखाली वायर लावली, वायरीला लॅपटॉप, आणि बोनेटवर काळं कापड. "मेंदू उघडा पडतो, त्याला उजेड चालत नाही," सर म्हणाले. स्वतः कापडाखाली शिरले. आतून वीस मिनिटं हवेचे फूत्कार येत राहिले. "हा इंजिनाचा प्राणायाम!" कापडाखालून आवाज आला. मग एसी बंद करून मालकाला एकट्यालाच बसवलं. "अनुभूती ज्याची त्यानंच घ्यायची असते."

गाडी बाणासारखी सुटली. मालक परत आला तो डोळे पुसतच, आणि वाकून सरांच्या पायाशी. टाळ्यांनी पत्रा वाजला.

त्या गर्दीत नेरुळचे विलासकाका चपला हातात घेऊन उभे होते. चपला का काढल्या, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

आता विलासकाकांचं दुःख ऐका. त्यांची डिझेलची गाडी सतरा वर्षांची. त्यांच्या आयुष्यात ऐश एकच, शनिवारचं कीर्तन. करंजाड्याहून वामनबुवांना घ्यायचं, मागं पेटी आणि तबला ठेवायचा, पनवेलच्या पुढं टेकडीवरच्या मारुतीला न्यायचं आणि पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. अकरा वर्षांत एक शनिवार चुकला नाही. पण गेले चार-पाच महिने गाडीचा दम गेला होता. मागच्या शनिवारी ती टेकडीच्या चढावर मधेच बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बुवा खाली उतरले, चिपळ्या बगलेत मारल्या आणि चालत वर गेले. वर पोचल्यावर त्यांना श्वास लागला, नमनाचा अभंग अर्ध्यावर सोडावा लागला.  त्यांच्या मुलानं फोन केला, "काका, आता राहू दे. एवढा शनिवार आणा, नाही जमलं तर पुढं आम्ही टॅक्सी ठरवतो."

काकांनी नाव नोंदवलं. पुढच्या रविवारची नाही, तर आदल्या दिवसाची वेळ मागून घेतली. शनिवारी सकाळी दहाला गाडी, संध्याकाळी कीर्तन.

घरी मीनाकाकूंनी आकडा ऐकला, अठरा हजार. "अहो, माझा गुडघा दुखतो तेव्हा ओव्याचं तेल चोळ म्हणता," त्या म्हणाल्या. "आणि गाडीला स्पेशालिस्ट?"

"गुडघ्यानं बुवांना टेकडी चढवायची नाहीये, मीना."

"मग आधी वरच्या संघप्रियाबाईंना विचारा. त्यांचीही गाडी जुनीच आहे की."

संघप्रियाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. क्रीडादिनाला शर्यतींची वेळ मोजणं त्यांच्याकडे, त्यामुळे पर्समध्ये कंगव्याशेजारी शिट्टी आणि स्टॉपवॉच कायमचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "करून घ्यायचं की नाही, हे मलाही ठरवायचंय काका. खरंच पळत असेल तर मीही करीन. फक्त मला एक सांगा, पहिल्या फेरीला गाडीत किती माणसं होती?"

"मालक आणि तीन."

"आणि दुसऱ्या?"

"मालक ए..." काका थांबले. "एकटाच. पण बाई, भक्तिभाव लागतो हो थोडा."

"भाव ठेवूया की. एसी मात्र दोन्ही वेळा बंद ठेवू."

शनिवारी दहा वाजता शेडपुढं तीसेक माणसं होती. त्यात सारसोळ्याचे होडीवाले गोटीराम पाटील, आपली जुनी जीप घेऊन रांगेत. बाईंनी रस्ता ठरवला. पहिल्या दिव्याच्या खांबापासून बंद कारखान्याच्या फाटकापर्यंत. गाडीत दोघंच, काका चालवणार, बाई शेजारी. पेडल तळाला टेकवायचं, गिअर नेहमीच्याच जागी बदलायचे.

"मॅडम, अनुभूती मोजत नसतात," इंद्रजित सर म्हणाले.

"अनुभूती नाही मोजत सर. खांब ते फाटक मोजते."

दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा एकतीस सेकंद.

मग वायर, लॅपटॉप, काळं कापड, प्राणायाम. काका हात जोडून उभे. वीस मिनिटांनी कापड निघालं, सरांनी स्वतःच ते गुंडाळून शेडमागं नेलं. परत दोन फेऱ्या. गाडी अशी उसळली की काकांची टोपी मागच्या सीटवर गेली. बाईंनी घड्याळ बघितलं, दुसऱ्या फेरीनंतर परत बघितलं.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा चोवीस. सात सेकंद खरोखर वाचले."

टाळ्या पडल्या. काकांचे डोळे भरले. त्यांना टेकडी दिसली, चढ दिसला, गाडीत ऐटीत बसलेले बुवा दिसले. ते खिशातल्या पाकिटाला हात घालणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक मिनिट काका. सर, तुमच्या पाटीवर लिहिलंय, पसंत नसेल तर एका क्लिकमध्ये मूळ रूप. करता का मूळ रूप?"

"पसंत नाही?" सर चमकले.

"पसंत आहे हो. म्हणूनच बघायचंय. लॅपटॉपनं घातलेला प्रोग्रॅम काढला की सात सेकंद परत जायला हवेत. गेले, तर कमाल तुमच्या प्रोग्रॅमची. मग काकांच्या मागोमाग माझी गाडी."

"असं वर-खाली केलं तर मेंदूला धक्का बसतो मॅडम. आणि कापड परत घालावं लागेल."

"पाटीवर कापड नाही. क्लिक आहे."

"यो मास्तरीन बरोबर बोलतं," मागून गोटीराम पाटलांचा आवाज आला. "आमाला पन बगू दे! मारा ना ती किलिक. का लॅपटॉपची चार्जिंग सपली?"

लोक हसले. हसणाऱ्या गर्दीपुढं माणूस घाबरतो तितका पोलिसापुढं घाबरत नाही. सरांनी क्लिक मारली. पडद्यावर अक्षरं आली, 'मूळ प्रोग्रॅम चालू'. वायर काढताना पेडलपाशी लावलेली काडेपेटीएवढी एक डबीही त्यांनी काढून खिशात टाकली. बाईंनी ते बघून ठेवलं.

"जरा जड वाटतंय हो बाई," निघतानाच काका कळवळले. "गेली जादू."

"वाटू दे. पेडल तळाला टेकवा."

फाटक आलं. बाईंनी घड्याळ काकांच्या नाकापुढं धरलं. चोवीस. परत फेरी. चोवीस.

शेडपुढं गाडी थांबली, तशी माणसं भोवती गोळा झाली. बाईंनी शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगितलं. "डबी काढली म्हणून जड वाटलं. ती डबी पाय थोडा दाबला तरी जास्त दाबल्यासारखं इंजिनाला कळवते. त्यानं गाडी तरतरीत वाटते. पूर्ण दाबलात तर डबी असो वा नसो, फरक शून्य. म्हणून मी तळाला टेकवायला सांगत होते. आता प्रोग्रॅम गेला, डबी गेली, आणि सात सेकंद राहिले. म्हणजे ते लॅपटॉपमधून आलेच नव्हते. ते कापडाखाली आले."

"कापराखाली काय केलास रं बाबा?" असं म्हणत गोटीराम पाटील शेडमागं गेले आणि तिथला निळा पिंप घेऊनच आले. पिंप त्यांनी सगळ्यांपुढं उलटा केला.

आधी पडली धूळ. मग पडला एअर फिल्टर, ज्यातून इंजिन श्वास घेतं ती घड्यांच्या कागदाची चौकट; कोळशासारखी काळी. आणि फिल्टरच्या घड्याघड्यांतून गळत होता वाळलेला झेंडू. मूठमूठ पाकळ्या, दोऱ्याचे तुकडे, आणि त्यांत चमकणारी चंदेरी जर.

"इंजिनाचे नाकात फुलां कोंबली व्हती!" गोटीराम ओरडले. "माजे होरीचे पंख्यात जालं अरकतं ना, तसाच हाय यो!"

काका मटकन फुटपाथवर बसले. जर त्यांनी ओळखली होती. अहो, दर शनिवारी कीर्तन संपलं की बुवा गळ्यातला हार काढून काकांच्या हाती देत. प्रसादाचा हार कचऱ्यात कसा टाकायचा? काका तो गाडीच्या पुढच्या जाळीला बांधत. आठवडाभर तो तिथंच वाळे. पूर्वी काका नियमानं सर्व्हिसिंग करत, तेव्हा फुलं निघून जात. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, सर्व्हिसिंग लांबलं, हार मात्र थांबला नाही. जाळीच्या मागंच इंजिनाचं हवा ओढायचं तोंड. दर शनिवारी ते बिचारं बुवांचा प्रसाद गिळत होतं.

"म्हणजे बुवांना चालवलं ते मी," काका पुटपुटले. "माझ्या हातानं."

बाई शेजारी फुटपाथवर बसल्या. "हार चुकीचा नव्हता काका. टांगायची जागा चुकली."

इंद्रजित सर अजून हरले नव्हते. "मग? साफसफाई म्हणजेसुद्धा ट्यूनिंगच असतं!"

"असं व्हय?" गोटीराम म्हणाले. "मंग माजी बायको रोज सकाली घर ट्यून करतं. तिचेसाठी कोन चपला कारून उबा ऱ्हात नाय!"

त्यानंतर रांग कशी मोडली ते सांगत बसत नाही. गेल्या रविवारचा पांढऱ्या गाडीवाला पुढच्या रविवारी शेडवर आला तेव्हा पाटी उतरलेली होती, एवढंच. सरांनी फिल्टरची जागा रिकामीच ठेवली होती, तिथं काकांनी वाशीहून नवा फिल्टर आणून बसवला. तो मीनाकाकूंच्या ओव्याच्या तेलाच्या बाटलीपेक्षा फार महाग नव्हता, हे काकूंनी दोनदा म्हणून दाखवलं.

जिना चढताना काकांनी विचारलंच, "बाई, मग खरं ट्यूनिंग नसतंच का हो?"

"असतं ना. जाणता माणूस इंजिनाला जास्त डिझेल आणि हवा देऊन ताकद वाढवू शकतो. पण ती वाढीव ताकद सोसायची कुणी? सतरा वर्षांच्या क्लचनं, इंजिनात हवा कोंबणाऱ्या सतरा वर्षांच्या टर्बोनं. पहिलवानाचा खुराक आजोबांना दिला तर पोट कुणाचं बिघडेल? आधी तपासायचं, साफ करायचं, झिजलेलं बदलायचं. एवढं करून गाडी तुमच्या कामाला पुरली, तर ट्यूनिंग कशाला? मी नाही करणार. मला शाळेतच जायचंय."

संध्याकाळी टेकडीचा चढ आला. बुवांनी सवयीनं चिपळ्या बगलेत घेतल्या आणि दाराच्या खटक्यावर हात ठेवला. काकांनी दुसरा गिअर टाकला. गाडी एकदा खोल हुंकारली आणि चढत राहिली. मारुतीच्या पायरीपाशी थांबली तेव्हा बुवांचा हात अजून खटक्यावरच होता.

"विलासराव," बुवा म्हणाले, "आज मारुतीनं उचललं की काय आपल्याला?"

काकांच्या तोंडात 'हो' आलं होतं. सोपं होतं, गोड होतं. त्यांनी ते गिळलं आणि सगळी हकीकत सांगितली, झेंडूसकट. बुवा पोट धरून हसले. त्या दिवशी नमनाचा अभंग पुरा झाला, आणि कीर्तनानंतर बुवांनी हार दिला तो कागदी पिशवीत घालून. "जाळीला नको हो," म्हणाले, "तुळशीच्या मातीत घाला. तिला पचेल."

संपलं आख्यान. आता तत्त्व, कबूल केल्याप्रमाणे फुटाण्याएवढं. मीही टाळ वाजवणारा माणूस आहे. देवापुढं डोळे मिटतो, आणि त्यात मला लाज नाही. पण मंडळी, डोळे देवापुढं मिटायचे, दुकानापुढं नाही. कोणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, शिव्या देऊ नका. इतकंच म्हणा, आता हा काढून दाखवा, आणि काढल्यावर काय उरतं ते मोजू. जे उरेल तेवढंच खरं. काळं कापड घातलं तर आधी कापड उचला. देव काही रागवत नाही. त्यानं अक्कल दिली ती वापरायलाच.

आता उठा, पाय मोकळे करा. आणि एक मागणं आहे. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंना विसरू नका. टाळ्या वाजत असताना, मनासारखं उत्तर हातात आलेलं असताना, ज्यांनी घड्याळ पर्समध्ये ठेवलं नाही, त्या संघप्रियाबाईंची आठवण असू द्या.