कौल संध्याकाळीच का मिळतो?

सगळी वाडी सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर, जमली होती. पेरणीआधी शेत भाजतात, त्या भाजावळीतली ठिणगी सुक्या गवतात पडून वणवा सखूवहिनीच्या काजूबागेकडे निघाला होता. माणसं मात्र महिपत भगताकडे बघत बसली होती.

“देवीचा कौल मिळू दे, मग बांधतो आग,” महिपत डोळे मिटून म्हणाला. “गेल्या साली नाय बांधली?”

“बांधलीन हो!” लोक ओरडले.

मी फोन काढला, तशी सखूवहिनी कळवळली, “नको हां गुरुजी! दुसऱ्याला हाक मारली तर कौल फिरतो म्हणालाय महिपत.”

मी तरीही आगीचा बंब बोलावला. पण तो शहराचा. इकडच्या गावांसाठी वेगळं केंद्र नाही. शहर उघडं पडणार नाही ना, हे बघूनच तो बाहेर निघतो.

दिवस मावळतीला कलला आणि कौल मिळाला. महिपतने कातळावर राखेची रेघ ओढली. आग तिथवर आली नि विझली. बाग जळाली होती, कडेची चार झाडं उरली. लोक त्या चार झाडांच्या पाया पडले.

मग बंब आला. वर येणारी पायऱ्यांची पाखाडी अरुंद, म्हणून तो खालीच थांबला. त्यावरचा जवान दीपक धापा टाकत वर आला. “पहिल्या धुराला कळवलं असतंत तर...” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या वर्गातल्या वेदिकाने विचारलं, “गुरुजी, कौल नेहमी संध्याकाळीच कसा मिळतो?”

मी तिला सड्यावर नेलं, काठी रोवली आणि काठीच्या टोकाला फीत बांधली. दुपारभर फीत बागेच्या दिशेने फडफडली. सूर्य टेकला, तशी लोंबली.

“समुद्रावरचा वारा पडला!” वेदिका ओरडली. “मग आगीला ढकलणार कोण?”

“आणि रेघ कुठे होती?”

“कातळावर. तिथे जळायला गवतच नाही!”

आम्ही ते वाडीला दाखवलं. महिपत हसला. “अरे, पण वारा पाडतो कोण?” माना डोलल्या.

“पटतंय हो गुरुजी,” सखूवहिनी म्हणाली. “पण बंब उशिरा आला. महिपत आधीपासून बसला होता.” त्याला वर्ष झालं, यंदाच्या भाजावळीलाही तिने त्याच्यासाठी नारळ काढून ठेवला आहे.

मुलांनो, बंब जवळ कधी येईल, मला ठाऊक नाही. तुम्ही भाजावळीआधी कडेचं गवत कापा. धूर दिसताच फोन करा, हिरव्या डहाळ्या घेऊन आग झोडपा. आणि कुणी थांबा म्हणालं, तर आधी फितीकडे बघा.