तानाबाईची हापशी

मित्रांनो, मी एक जुनी हापशी आहे आणि अजूनही पाणी देते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ‘जुनी’ म्हटलं की लोक लगेच भंगाराचा भाव विचारतात. मारेगाव तालुक्यातल्या एका गावात, तानाबाईच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला मी उभी आहे.

माझा जन्म बोरच्या गाडीच्या धडधडाटात झाला. वर काळी माती, खाली काळा दगड. गाडी दिवसभर भुकटी उडवत राहिली आणि जमलेले लोक कंटाळून घरी गेले. तानाबाई मात्र लहानग्या घनश्यामला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. तिला लांबच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. पाणी लागलं, मला बसवलं आणि माझा दांडा पहिल्यांदा तिनेच दाबला. आधी गढूळ पाणी आलं, तरी ती खुदकन हसली.

मग माझे वैभवाचे दिवस आले. भर उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवायच्या, मी मात्र हटायची नाही. पहाटेपासून माझ्यापुढे पाण्याच्या पितळी गुंडांची आणि बादल्यांची रांग लागायची. त्या रांगेत जेवढी भांडणं झाली, जवळपास तेवढीच लग्नंही जुळली. तानाबाईची तिन्ही लेकरं, घनश्याम, कपिल आणि दिपाली, माझ्याच धारेखाली आंघोळ करून शाळेत गेली.

पुढे घरोघरी नळ आले. नळ दिसायला नाजूक, पण मनात आलं तर येणार. तरी लोक त्याच्याकडे गेले आणि माझ्या खांबाला बकऱ्या बांधू लागले. एकटी तानाबाई रोज येत राहिली. नळाच्या पाण्याने डाळ शिजत नाही, असं ती म्हणायची. खरंखोटं मला माहीत नाही, पण मी तिचं बोलणं कधी खोडलं नाही.

मग तिचं काहीतरी बिघडलं. ती बादली भरायची, तिथेच ओतून द्यायची आणि पुन्हा भरायची. वारलेल्या नवऱ्याला जेवायला हाक मारायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा स्मृतिभ्रंश आहे, विसरणं वाढत जाईल, यांना एकटं सोडू नका.

तिन्ही भावंडं माझ्या ओट्यावर विचार करायला बसली. या घरात शेताची वाटणी भांडण न होता झाली होती. तीन हिस्से केले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड रोवले आणि सगळ्यांनी मिळून चहा घेतला. त्याच सरळ मनाने त्यांनी आईचीही वाटणी केली.

“महिना महिना बारी लावू,” कपिल म्हणाला. “कोणावर भार नाई.”

दिपालीनेही हट्टाने आपला हिस्सा मागून घेतला. मला ते मुळीच पटलं नाही, पण हापशीचं मत कोण विचारतं!

पहिला महिना कपिलचा. पांढरकवड्याला हायवेला लागून त्याचं टायरचं दुकान आहे आणि वर घर. महिना संपायच्या आतच तो आईला घेऊन परत आला. तानाबाई जीपमधून उतरली ती घरात न जाता थेट माझ्याकडे आली. नेहमीच्या दगडावर पाय ठेवून तिने दांडा दाबला आणि मी भरभरून पाणी दिलं. मला फार आनंद झाला, तो लपवायचं काही कारण नाही.

कपिल मात्र ओट्यावर बसून रडत होता. “सकाळी बादली घेऊन निघाली, दादा. मी शटर उघडून राह्यलो होतो. हायवेच्या मधात उभी राहून ट्रकवाल्यायले इचारे, आमची हापशी कुठं गेली म्हणून. एकानं गाडी आडवी लावली म्हणून वाचली. मायले इथंच राहू दे.”

आईच्या घरातच राहणाऱ्या घनश्यामने होकाराची मान हलवली. तेवढ्यात त्याची बायको मंदा चहा घेऊन आली आणि तिने ताट दाणकन खाली ठेवलं.

“राहू दे म्हणणं सोपं हाये, भाऊजी. तिच्यामागं धावते कोण? माह्या बाबाले पाहाले गेली नाई मी दिवाळीपासून. मले माय जड नाई झाली. पण मी एकटी पुरून नाई राह्यली.”

माझ्या ओट्यावर इतकी वर्षं बायका बोलल्या, पण इतकं खरं बोलणं मी क्वचित ऐकलं.

मग कपिलचा निरोप मिळताच सासरहून आलेली दिपाली म्हणाली, “मंग बारी मायची कायले लावाची? आपली लावू. माय इथंच राहीन. आपण येऊ, आठवडाभर राहू. तेवढे दिस वहिनी मोकळी.”

“अन् माहं दुकान?”

“मायले नेलं तवा दुकान कुठं गेलतं? कारागीर हाये ना तुह्याजवळ.”

“माह्या आठवड्यात सैपाक मी करतो,” घनश्याम हळूच म्हणाला.

“आधी चहा करून दाखवा,” मंदा म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले.

पहिली बारी कपिलची. तो कपड्यांची पिशवी घेऊन आला आणि मंदा माहेरच्या गाडीत बसली. तानाबाई माझ्यापाशीच होती. कपिल जवळ आला तशी तिने त्याला वरखाली न्याहाळलं.

“कोणाचा व्हय गा तू?”

कपिलचा चेहरा पडला. त्याला मी पाळण्यापासून ओळखते; तो रडणार असं मला वाटलं. पण त्याने दांड्याला हात लावला.

“इथलाच हाये, बाई. हापसू लागू काय?”

“लाग मंग. माहे लेकरं तहानले असतीन.”

दोघांनी मिळून बादली भरली. मग तानाबाईने तांब्या बुडवून त्याच्यापुढे धरला. “घे, आधी तू पी. कोणाचं तरी लेकरू असशीन.”

कपिलने ओंजळ पुढे केली आणि तिने तांब्या संपेपर्यंत पाणी ओतलं.

मित्रांनो, घरातलं कोणी तुमचं नाव विसरलं, तर ‘मी कोण, सांग’ म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका. आणि त्याचं सगळं करणाऱ्या माणसाला एकटं पाडू नका. आठवड्याचे कपडे पिशवीत भरा आणि घरी या. पाण्याचं मी बघते.